पान्याचा जास्तीचा पीळ

स्क्रू धरायला भिंतीत ठोकलेली चौथी गिट्टीसुद्धा भोकात गरगर फिरायला लागली, तेव्हा माईनं हातातला झाडू टाकला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसकण मारली. सकाळपासून ती या भिंतीखालची लाल माती झाडत होती. झाडून होईपर्यंत वरनं नवी येत होती.

“झालं?” ती म्हणाली.

“झालंच होतं,” स्टुलावरनं तिचा नवरा म्हणाला. “गिट्टी मस्त बसली होती. स्क्रूही बसला. म्हटलं, अजून एक पीळ द्यावा.”

“मग दिलात.”

“दिला. भिंतच नालायक, त्याला मी काय करू?”

भिंत नालायक होती हे माईला मान्य होतं. पण सगळा दोष भिंतीच्या गळ्यात घालायला तिची तयारी नव्हती. या माणसाबरोबर तिनं उभा जन्म काढला होता.

गावाला पाणी सोडणाऱ्या पंपघरात त्याची सगळी नोकरी गेली. तिथं त्याला नावानं कुणी हाक मारल्याचं माईला आठवत नाही. हातात कायम नट आवळायचा पाना, म्हणून माणसाचंही नाव पाना पडलं. मोठाले पंप सारखे थरथरत, आणि थरथरणाऱ्या यंत्राचे नट आपोआप सैल होत जातात. म्हणून पान्यानं स्वतःपुरता एक कायदा केला. हाताला घट्ट लागलं म्हणून थांबायचं नाही, त्यावर अजून एक पीळ द्यायचा. त्याच्या पाळीत कधी नट सुटला नाही की सांध्यातनं थेंब गळला नाही. साहेब बदलले, पंप बदलले, पीळ तोच राहिला. गाव त्याच्यामुळे कधी तहानलेलं राहिलं नाही, एवढं श्रेय माईही त्याला देत असे. देताना तोंड मात्र वाकडं करत असे.

कारण पंपाला जे मानवलं ते संसाराला मानवलं नाही. पान्यानं बंद केलेला नळ उघडायला माईला पक्कड लागायची. कुकरचा दांडा जरा हलतो म्हणून त्यानं स्क्रू आवळला, तर दांड्याचे दोन तुकडे झाले. लेकीच्या सायकलचं सीट त्यानं असं पक्कं केलं की पोरगी वाढत गेली आणि सीट तिथंच राहिलं. शाळा संपेपर्यंत ती गुडघे कानाला लावून सायकल चालवायची. नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर एकदा म्हणाला होता, “माई, बाकीच्या घरात वायसर पाण्यानं झिजतात. तुमच्याकडे धाकानं झिजतात.”

हे सगळं माईनं सोसलं. टीव्हीचं मात्र तिला सोसवेना.

तो टीव्ही पान्याला निवृत्त होताना पंपावरच्या माणसांनी दिलेला. दिला तोही पंपाला शोभेल असा. एवढा मोठा आणि एवढा जड की आणणाऱ्यांनी तो दारात टेकवून आधी पाणी मागितलं. बाहेरच्या खोलीत लोखंडी पायांच्या टेबलावर तो उभा होता, आणि ते टेबल पहिल्या दिवसापासून एका पायावर लंगडत होतं.

मागच्या आठवड्यात लेक आली होती. तिची पोरगी नुकतीच धरून उभी राहायला लागलेली. धरायला तिला टेबलाची कड सापडली. टेबल डुगलं आणि टीव्ही पुढं झुकला. लेकीनं झेप घेऊन तो छातीवर अडवला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, उलट आई पळाली म्हणून ती हसली. लेकीनं टीव्ही मागं सारला, पोरीला कडेवर घेतलं आणि एकेक शब्द तोलून बोलली.

“माई, सोमवारी मी कामावर रुजू होणार. हिला दिवसभर तुमच्याकडे ठेवायचं आपलं ठरलं होतं. रविवारी मी येईन. टीव्ही भिंतीवर पक्का बसलेला दिसला तर ठेवीन. नाहीतर पाळणाघरात घालते, त्यांनी जागा धरून ठेवलीय.” मग बापाकडे बघून म्हणाली, “आणि पक्का म्हणजे खरोखरचा पक्का. तुमचा पक्का नको, बाबा.”

पाना त्यावर नुसता हसला होता. लेकीला आपलं कौतुक वाटतं अशी त्याची समजूत होती.

माईनं तोपर्यंत कपाटांचे खालचे कप्पे रिकामे केले होते, टेबलाच्या टोकांना चिंध्या बांधल्या होत्या, खिडकीखाली छोटी गादी घातली होती. नात दिवसभर घरात असणार, या एका गोष्टीवर ती गेले कित्येक महिने तरंगत होती. आणि ती गोष्ट आता या माणसाच्या मनगटावर येऊन लटकली होती.

“मी सांगते ते ऐका,” माई उंबऱ्यावरनं म्हणाली. “हे धूड भंगारात देऊन टाका. माझं काही अडत नाही त्याच्यावाचून.”

“पंपावरच्या माणसांनी दिलंय ते.”

“मग पंपावर नेऊन ठेवा.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, पाना अखेर शहाणा झाला.”

पाना पुन्हा भोकात बोट घालून बघत होता. भोकात आता त्याचं बोट सैल बसत होतं.

दुसरी भिंत घ्यावी तर एकीला खिडकी, एकीला दार आणि कपाट, आणि बाहेरच्या भिंतीला ओल. राहिली ही, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. आधीच्या मालकानं एका खोलीच्या दोन करायला घाईघाईत उभी केलेली. विटा भट्टीत नीट न भाजलेल्या, जोडायला नुसती माती, आणि वरनं असा गुळगुळीत गिलावा की बघणाऱ्याला वाटावं, काय भिंत आहे. ड्रिलचं टोक गिलाव्यातनं आत गेलं की पुढं लोण्यात गेल्यासारखं जायचं.

दुपारनंतर माईचा धाकटा भाऊ आला. तो टेम्पो चालवायचा, त्यामुळे घरात काही जड उचलायचं निघालं की त्यालाच निरोप जाई. येताना पान्यानं सांगितलेले लोखंडी बोल्ट त्यानं आणले होते. भोकात घालून नट आवळला की आतल्या आत फुलतात आणि भिंतीला धरतात, अशा जातीचे. भावानं भिंतीवर पडलेल्या भोकांकडे बघितलं.

“दाजी, ही भिंत आहे का बिस्किट?”

“तू बोलू नको. स्टूल धर.”

“स्टूल धरतो. पण मागं थोडी भिंत शिल्लक ठेवा. ताईला रोज स्वयंपाक करायचा असतो.”

“हा बोल्ट बघ आता. हा कुठं जात नाही.”

बोल्ट खरंच कुठं गेला नाही. पान्यानं नट आवळला, बोल्ट आत फुलला, घट्ट झाला. भाऊ म्हणाला, “बास, दाजी, बसला.” पान्यानं मान हलवली, पाना नटावर नीट धरला आणि अजून एक पीळ दिला. भिंतीच्या पोटात कट्ट असा आवाज झाला आणि लगेच स्वयंपाकघरातनं टपकन दुसरा.

माई दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आली. त्यात गिलाव्याचा एक तुकडा आणि अर्धी वीट बुडाली होती. दूध गुलाबी होत चाललं होतं. तिनं ते पातेलं स्टुलाखाली नवऱ्याच्या पायाशी ठेवलं.

“चहा टाकू का? विटेचा आहे.”

भाऊ तोंड फिरवून खिडकीतनं बाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

“तुम्हाला शेवटचा पीळ दिल्याशिवाय राहवत नाही का?” माई म्हणाली. “त्याच्या आधी बसलेलं असतं. भावानं सांगितलं, बसला. तुमच्या हाताला कळलं नाही का, बसला?”

“हाताला बसल्यासारखंच लागतं गं. पण हाताचं काय खरं? पंपावर मी हातावर विसंबलो असतो तर गाव कोरडं पडलं असतं.”

“पंप लोखंडाचा होता. ही मातीची आहे.”

“म्हणून तर जास्त आवळायला पाहिजे.”

माईनं खाली पडलेला विटेचा एक तुकडा पिशवीत टाकला. ती चपला घालून बाहेर पडली.

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी नव्हती. दुकानदार पान्याला चांगला ओळखून होता, कारण मोडलेल्या स्क्रूंच्या जागी नवे स्क्रू गावात सगळ्यांत जास्त त्याच्याच घरी जायचे. माईनं पिशवीतनं विटेचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो नखानं खरवडला. तुकडा पिठासारखा गळला.

“यात फुलणारा बोल्ट घातला?”

“घातला.”

“मग वीट फुटणारच. तो आतनं जोर लावतो, आणि हिच्यात जोर सोसायची ताकदच नाही.” त्यानं मागच्या फळीवरनं एक जाड नळकांडं, ते दाबायची बंदूक आणि जाळीच्या नळ्या काढल्या. “हे घ्या. भोक पाडताना मशीनचा ठोका बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. विटेच्या मधोमध पाडायचं, सांध्यात नाही. आतली धूळ झाडून काढायची. मग जाळीची नळी सारायची, हे केमिकल भरायचं, आणि आट्यांची सळई हळू फिरवत आत घालायची. ते जाळीतनं बाहेर येऊन विटेला धरतं. जोर लावत नाही, चिकटून बसतं. चारच्या जागी सहा सळया घाला, त्यावर जाड फळी, आणि फळीवर टीव्हीचा स्टँड. वजन पसरलं की भिंत कुरकुरणार नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त एकदा सळई घातली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ते वाळायला हवं.” बोलता बोलता दुकानदाराला काहीतरी आठवलं. “हे करणार कोण?”

“आमचे हे.”

दुकानदारानं पिशवीत भरलेलं सामान पुन्हा थोडं स्वतःकडे ओढलं. “माई, रागावू नका. पण तुम्ही तिथं खुर्ची टाकून बसा.”

शनिवारी सकाळी पान्यानं कामाला हात घातला, आणि खरं सांगायचं तर काम त्यानं देखणं केलं. यंत्राच्या माणसाला नीट सांगितलेलं कळतं. ठोका बंद करून त्यानं सहा नवी भोकं पाडली, जुन्या भगदाडांपासून लांब. प्रत्येक भोकात नळी घालून सायकलच्या पंपानं हवा मारली, बाटली धुवायच्या ब्रशनं घासलं, पुन्हा हवा मारली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय त्यानं फळीची खूणही केली नाही. केमिकल भरलं, सळया एकेक करून हलक्या हातानं फिरवत आत सारल्या आणि स्टुलावरनं खाली उतरला. भिंतीतनं सहा सळया सरळ बाहेर आलेल्या बघून माईला पहिल्यांदा बरं वाटलं. तिनं त्याला चहा दिला, साधा. मग ती अंघोळीला गेली.

दुकानदारानं सांगितलेलं ती विसरली नव्हती. तिला फक्त वाटलं होतं की माणूस चहा पितोय.

ती बाहेर आली तेव्हा पाना स्टुलावर उभा होता आणि खालच्या डाव्या सळईला त्यानं पाना लावलेला होता.

“अहो.”

“नुसतं बघतोय.”

“काय बघताय?”

“धरलंय का.”

“धरलंय?”

पान्यानं सळईवरची पकड सैल केली. मग म्हणाला, “धरत होतं.”

त्यानं हात काढला. सळई खाली वाकली, आणि तिच्याभोवतीचं राखाडी केमिकल भोकातनं जिभेसारखं बाहेर आलं.

माईचा आवाज चढला नाही. चढला असता तर पान्याला बरं वाटलं असतं. ती अंघोळीचा ओला टॉवेल खांद्यावर घेऊन खुर्चीत बसली.

“उद्या तुमची लेक येणार,” ती म्हणाली. “दारातनंच बघेल, ही भिंत, ही भोकं. एक शब्द बोलणार नाही. पोरीला कडेवरनं खाली ठेवणार नाही. चहा घेईल आणि जाईल. आणि सोमवारपासून आपली नात कुणा परक्या बाईच्या मांडीवर. मग या घरात तुम्ही आणि मी. तुम्ही नळ आवळा, मी पक्कड घेऊन उघडते.”

“मला ती नकोय का?” पाना म्हणाला. आता त्याचाच आवाज चढला. “तिच्यासाठीच चाललंय ना? ती याच्याखाली बसणार, खेळणार. वरनं एवढं धूड. मला ते हललेलं दिसतं. चहा पिता पिता दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं. सैल आहे, सैल आहे, असं डोक्यात वाजत राहतं. मग मी काय हातावर हात ठेवून बसू?”

“ते सैल नाही हो. ओलं आहे.”

पान्यानं वाकलेल्या सळईकडे बघितलं.

“ओल्याला पीळ देऊन काय होतं?” माई म्हणाली. “फिरतं. तुम्ही जेवढं फिरवाल तेवढं फिरेल. ते आपोआप घट्ट होणार आहे, तुमच्याशिवाय. तुमच्याशिवाय घट्ट होणारं काही जगात असू शकतं, हे एकदा मान्य करा.”

हे पान्याला लागलं. तो स्टुलावरनं उतरला, बिघडलेली सळई उपटून काढली, आणि शेजारी तळहाताएवढं अंतर सोडून नवं भोक पाडायला घेतलं. नळकांड्यात केमिकल शिल्लक होतं. ही सळई घालून झाल्यावर त्यानं हातातला पाना फडक्यात पुसला, आणि बायकोच्या मांडीवर ठेवला.

माईनं खुर्ची भिंतीला चिकटून लावली. स्वयंपाक तिनं केला नाही. भावाला फोन करून जेवण आणायला सांगितलं. भाऊ डबा घेऊन आला तेव्हा ताई मांडीवर पाना घेऊन बसलेली आणि समोर दाजी रिकाम्या हातांनी.

“कोण कुणाला राखतंय?” त्यानं विचारलं.

“तू जेवण वाढ,” दोघं एकदम म्हणाली.

दुपारभर पाना समोर बसून होता. कधी हाताची घडी घातली, कधी सोडली. एकदा वर्तमानपत्र घेतलं आणि तेच पान वाचत राहिला. मधेच उठून भिंतीपर्यंत आला, तिथनं सळयांकडे बघितलं, पाठीमागे हात बांधले आणि परत जाऊन बसला. माईच्या ध्यानात आलं की तो मनातल्या मनात घाम गाळत होता. पंपघरात दोन पाळ्या करून आल्यावरसुद्धा तो एवढा दमलेला दिसला नव्हता.

झोपायला जाताना तिनं पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं गोळा करून आपल्या उशीखाली घातलं. उशी उंच झाली, मान अवघडली, पण सकाळी सहाच्या सहा सळया जिथल्या तिथं होत्या. तिनं एकीला बोट लावलं. ती भिंतीचाच भाग असल्यासारखी गार आणि निश्चल होती.

फळी चढवली, वायसर घातले, नट लावले. स्टुलावर माई उभी राहिली आणि खाली पाना.

“आता आवळ. हं. अजून. अजून थोडं.”

माईनं पाना फिरवला. हाताला घट्ट लागलं. तिनं काढून घेतला.

“अजून एक—”

“बास.”

पान्यानं तोंड उघडलं, मिटलं. सहाही नटांना तसंच झालं. प्रत्येक वेळी त्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

“पण असंच टीव्ही चढवायचा नाही,” फळीवर स्टँड बसवून झाल्यावर तो म्हणाला, आणि या वेळी माईला त्याचं बोलणं पटलं. “आधी वजन लावून बघायचं. टीव्हीच्या दुप्पट. पाण्याचं वजन मला कुणी शिकवायला नको.”

त्यानं स्टँडला दोन्ही बाजूंनी दोर बांधून मोठ्या बादल्या टांगल्या आणि तांब्यानं एकेक करून भरत गेला, या बादलीत एक, त्या बादलीत एक. फळीच्या वरच्या कडेला भिंतीवर त्यानं शिसपेन्सिलीची बारीक रेघ मारली होती. फळी केसभर खाली आली तरी रेघ उघडी पडली असती. बादल्या काठोकाठ झाल्या. मग तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि रेघेकडे डोळे लावले. भाऊ आला तरी उठला नाही. रेघ फळीला चिकटून राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “उतरव पाणी.” भाऊ आणि त्यानं मिळून टीव्ही उचलला, धापा टाकत स्टँडवर चढवला, आणि जुनी भोकं सगळी त्याच्यामागे झाकली गेली.

लेक आली ती पोरीला कडेवर घेऊनच. चपला न काढता भिंतीजवळ गेली. टीव्हीच्या बाजूनं डोकं घालून मागे बघितलं, फळी बघितली, नट मोजले. मग स्टँडची खालची पट्टी धरून तिनं एका हातानं अंगाचा भार टाकला. पान्याच्या घशातनं आवाज आला, पण तो जागचा हलला नाही. स्टँडही हलला नाही.

“कुणी आवळलं?” लेकीनं विचारलं.

“मी,” माई म्हणाली.

“बाबांनी नंतर हात लावला?”

“नाही.”

लेकीनं बापाकडे बघितलं. “खरं?”

“विचार तुझ्या आईला,” पाना म्हणाला. “काल दुपारपासून मला हातकडी घातल्यासारखं बसवलंय.”

“आणि यापुढं?”

पान्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. “यापुढंही नाही.”

लेकीनं कडेवरच्या पोरीला गादीवर ठेवलं, चपला काढल्या आणि आईला म्हणाली, “मग तिचं सामान गाडीतनं आणते. उद्या सकाळी पुन्हा उचलून आणायला नको.” माई उठून तिच्याबरोबर गेली. भावानं डिक्कीतनं गादी काढली, दुधाच्या बाटल्या काढल्या, खेळण्यांची पिशवी माईकडे दिली. माईनं ती छातीशी धरली आणि इतक्या दिवसांनी तिची मान जरा सैल झाली.

सोमवारी लेक कामावर गेली. पाना भिंतीला पाठ लावून बसला होता, नात त्याच्या पायावर चढत होती, उतरत होती. माई स्वयंपाकघरात दूध गरम करत होती. बाहेर एकदम शांत झालं, म्हणून तिनं डोकावून बघितलं. नात गादीवर बसून चमचा चोखत होती. पाना भिंतीजवळ उभा होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत टीव्हीच्या मागे गेला होता.

“अहो.”

हात तिथंच थांबला.

“धूळ बसलीय,” पाना म्हणाला.

“फडक्यानं पुसा,” माई म्हणाली. “बोटानं नको.” आणि फडकं आणायला ती स्वतः गेली नाही. तो हात बाहेर येईपर्यंत ती दारातच उभी राहिली.